मानणे आणि करणे : आधुनिक विच आणि त्यांचे दैवत

इंग्रजीतल्या 'विच' या शब्दाला मराठीत 'चेटकीण' म्हणायचे की नाही, हा या विषयातला पहिला पेच आहे. आपल्याकडे चेटकीण किंवा डाकीण हे नाव कोणी आपणहून घेत नाही. तो गावाने एखाद्या बाईवर ठेवलेला आरोप असतो आणि त्या आरोपापायी जीव गेले आहेत. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याला या वास्तवाचीही पार्श्वभूमी होती. ब्रिटन आणि अमेरिकेत मात्र गेल्या सत्तर वर्षांत हजारो स्त्री-पुरुषांनी हाच जुना आरोप उचलून आपल्या धर्माचे नाव म्हणून स्वीकारला. त्यांना चेटकीण म्हटले, तर आपल्याकडच्या पीडित बाईचीही थट्टा होते आणि त्यांचाही अर्थ हरवतो. म्हणून येथे 'विच' हा शब्द तसाच ठेवला आहे. 'पेगन' हा त्याहून मोठा शब्द. लॅटिनमध्ये 'पागानुस' म्हणजे खेडूत. पुढे ख्रिस्ती नसलेल्यांना हिणवण्यासाठी तो वापरला गेला. तोही आता अभिमानाने मिरवला जातो. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म 'पेगन' असा लिहिला, तर सुमारे १३ हजारांनी 'विक्का' असा.

हे लोक देव कशाला म्हणतात? या प्रश्नाचे एक उत्तर मिळत नाही. एकाच रिंगणात हातात हात धरून उभ्या असलेल्या दहा जणांची दहा मते असू शकतात, आणि तरीही पूजा बिनतक्रार पार पडते. याचे कारण या धर्माच्या जन्मकथेत आहे.

विक्काचा उगम जेराल्ड गार्डनर (१८८४-१९६४) या इंग्रज गृहस्थापाशी जातो. मलायातल्या सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन तो इंग्लंडला परतला. १९३९ साली न्यू फॉरेस्ट भागातल्या विचांच्या एका जुन्या मंडळाने आपल्याला दीक्षा दिली, असे तो सांगे. १७३५चा विचक्राफ्ट कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली गार्डनरचे 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक निघाले. त्याला प्रस्तावना होती मार्गारेट मरे यांची. युरोपात विच म्हणून जाळल्या, फाशी दिल्या गेलेल्या स्त्रिया प्रत्यक्षात ख्रिस्तपूर्व धर्माच्या उपासक होत्या, असा सिद्धान्त मरे यांनी १९२१ साली मांडला होता. इतिहासकारांनी तो पुढे मोडीत काढला. रोनाल्ड हटन यांच्या १९९९च्या 'द ट्रायम्फ ऑफ द मून' या ग्रंथाने तर विक्काची घडण आधुनिक इंग्लंडमधली आहे, हे तपशीलवार दाखवले. तिच्यात रोमँटिक कवींची निसर्गभक्ती होती, गुप्तविद्येच्या मंडळांचे विधी होते आणि लोककथांच्या अभ्यासकांची अनुमानेही होती.

एरवी अशा शोधाने एखादा धर्म कोसळला असता. विक्का कोसळला नाही, उलट अनेक विचांनी हा ग्रंथ आपलासा केला. प्राचीनतेचा पुरावा गेला तरी अमावास्या-पौर्णिमा राहिल्या, आणि वर्षातले आठ सण राहिले. त्यांतला एक, ३१ ऑक्टोबरचा 'साउइन', पितरांची आठवण करण्याचा सण आहे आणि तो आपल्या दिवाळीच्या आसपासच येतो.

गार्डनरच्या मांडणीत दैवते दोन. चंद्राशी जोडलेली देवी आणि शिंगे धारण करणारा, रानाचा आणि मृत्यूचा देव. या दोघांच्या पलीकडे एखादे आदिकारण असेलही, पण ते माणसाच्या आवाक्यात नाही, म्हणून पूजा या दोघांची, असे त्याने १९५९च्या पुस्तकात लिहिले. सगुण-निर्गुणाच्या चर्चेवर वाढलेल्या मराठी वाचकाला यात परके काही वाटणार नाही. वेगळी गोष्ट दुसरीच आहे: हे देव सर्वशक्तिमान नाहीत. त्यांना माणसांच्या साथीची गरज असते. माणसे नाचतात, गातात, त्यातून उठणारे बळ देवांपर्यंत पोहोचते. यात भक्त शरण जात नाही, हातभार लावतो.

या धर्माचा गाभा ज्या विधीत दिसतो त्याचे नाव 'चंद्र उतरवणे'. मुख्य पुजारी मुख्य पुजारिणीच्या ठायी देवीचे आवाहन करतो आणि मग ती देवी म्हणून बोलते. आपल्याकडच्या 'अंगात येणे' या प्रकाराची येथे आठवण होईल, पण एक फरक मोठा आहे. आपल्याकडे अंगात आलेल्या बाईला लोक अडचणी विचारतात. विक्कात पुजारिणीच्या तोंडी बहुधा ठरलेले देवीवचन असते. त्याचा आज सर्वाधिक प्रचलित गद्य पाठ डोरीन व्हॅलिएन्टे (१९२२-१९९९) हिने गार्डनरच्या काळात घडवला. त्यातले काही भाग एका अमेरिकन लोकसाहित्य-अभ्यासकाच्या १८९९च्या पुस्तकातून आले आहेत. म्हणजे देवी जे बोलते ते कोणी लिहिले, हे मंडळातल्या अनेकांना ठाऊक असते. तरीही त्या रात्री, त्या रिंगणात, समोरची बाई त्यांच्यासाठी देवीच असते. आपण नाटकाला हे सहज मान्य करतो. या लोकांनी ते धर्माला मान्य केले.

१९७९ साली हा विचार अमेरिकेत एका नव्या वळणावर आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टारहॉक या लेखिकेचे 'द स्पायरल डान्स' त्या वर्षी प्रसिद्ध झाले. देवीवर तुमचा विश्वास आहे का, या प्रश्नावर तिचे म्हणणे असे की, खडकावर कोणी विश्वास ठेवत बसत नाही, खडक असतोच. देवी म्हणजे माती, समुद्र, झाड, आपला देह. तिच्याशी नाते जोडायचे असते. मराठीत आपण 'मानला तर देव, नाहीतर दगड' म्हणतो. स्टारहॉक त्या म्हणीतला 'नाहीतर' काढून टाकते. या भूमिकेचे परिणाम व्यवहारात दिसले. जमीनच देवी असेल तर अणुभट्टीविरुद्धचे धरणे हीसुद्धा उपासना ठरते, आणि स्टारहॉकच्या सहकाऱ्यांनी अशी धरणी धरली.

पण प्रश्नही उठले. देव-देवी अशी जोडीच विश्वाचा पाया असेल, तर ज्यांचे प्रेम या जोडीत बसत नाही त्यांनी कोठे उभे राहायचे? हा प्रश्न समलिंगी विचांनी विचारला. स्त्री-पुरुष ध्रुवांवर जादूचा पाया रचण्याची भाषा आपण आता वापरणार नाही, असे स्टारहॉकने १९८९च्या आवृत्तीत मोकळेपणाने नोंदवले. दैवताची कल्पना कोणाला आत घेते आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवते, याचा तो झाडा होता.

दुसरा वाद 'एक की अनेक' हा. सगळ्या देवी म्हणजे एकाच देवीची रूपे, असे बरेच विच मानतात. काही जण युंगच्या मानसशास्त्राचा आधार घेऊन देवांना मनातले आदिबंध म्हणतात. आइसलँडमध्ये जुन्या नॉर्स देवांची उपासना करणाऱ्या, १९७३ साली सरकारमान्यता मिळालेल्या संस्थेचे प्रमुख तर ओडिनच्या आठ पायांच्या घोड्याच्या कथा काव्यरूपक म्हणूनच घ्याव्यात, असे सांगतात. याउलट काटेकोर बहुदेववादी म्हणतात, देव खरोखर अनेक आहेत, प्रत्येकाचे स्वतंत्र व्यक्तित्व आहे. या बाजूची तात्त्विक मांडणी अमेरिकन ड्रुइड जॉन मायकल ग्रीअर यांनी २००५च्या 'अ वर्ल्ड फुल ऑफ गॉड्स' मध्ये केली.

हा वाद आपल्या दारापर्यंत येतो तो कालीच्या निमित्ताने. पाश्चात्त्य पेगन मेळाव्यांतल्या एका सुपरिचित नामगजरात इसिस, डायना यांच्या ओळीत कालीचेही नाव येते. सगळ्या देवी एकच असतील, तर तिला बोलावण्यात गैर काय? पण प्रत्येक देवी वेगळी असेल, तर तिची स्वतःची माणसे, भाषा, नैवेद्य, सोवळे-ओवळे असते. ते न शिकता तिला हाक मारणे हा उद्धटपणा होतो. काटेकोर बहुदेववादी हाच आक्षेप आपल्या बांधवांवर घेतात. उदार वाटणाऱ्या 'सर्व एकच' या वाक्यात दुसऱ्याचे घर न विचारता वापरण्याची सोय दडलेली असू शकते, हे ऐकायला अवघड पण खरे आहे. 'देव एकच आहे' असे सहज म्हणणाऱ्या आपल्यालाही ते लागू पडते.

मते इतकी विखुरलेली, एक ग्रंथ नाही, एक धर्मपीठ नाही. मग याला धर्म म्हणायचे का? अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयात गेला. व्हर्जिनियातल्या एका कैद्याच्या खटल्यात १९८६ साली संघीय अपील न्यायालयाने विक्का हा धर्म असल्याचे मान्य केले. मात्र त्या कैद्याने मागितलेल्या पूजेच्या वस्तू तुरुंगाने नाकारणे योग्य ठरवले. पुढचा प्रसंग अधिक हेलावणारा आहे. २००५ साली अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या एका विक्कन सैनिकाच्या स्मृतिफलकावर पंचकोनी ताऱ्याचे चिन्ह कोरण्यास सरकारी खाते मान्यता देत नव्हते. त्याच्या मंजूर चिन्हांच्या यादीत अनेक धर्म होते, निरीश्वरवादीही होते, विक्का नव्हता. त्याच्या पत्नीने आणि इतरांनी लढा दिला, खटला झाला आणि एप्रिल २००७ मध्ये तडजोड होऊन ते चिन्ह यादीत आले.

त्या सैनिकाच्या दृष्टीने देवी एक होती की अनेक, बाहेर होती की मनात, हे कोणी विचारले नाही, आणि विचारायची गरजही नव्हती. तो कोणत्या चिन्हाखाली जगला एवढेच पुरेसे होते. आपल्याकडेही कुळाचार पाळणाऱ्याला 'तुझा नेमका विश्वास कशावर' असे सहसा कोणी विचारत नाही. धर्म म्हणजे आधी श्रद्धेचे कलम आणि मग आचरण, हा क्रम युरोपातल्या चर्चने घालून दिला. याच विचांच्या पूर्वसूरी म्हणून मानल्या गेलेल्या बायकांना त्या क्रमाने चितेवर आणि फासावर नेले होते. आजच्या विचांनी तो क्रम उलटा केला आहे: आधी रिंगण, मग मत. त्यांचे देव खरे आहेत की नाहीत, यावर वाद घालता येईल. पण शेजारी उभ्या असलेल्याचा देव तपासून न पाहता त्याचा हात धरता येतो, हे त्यांनी करून दाखवले आहे.