पाळी पुढे ढकलताना शरीरात काय घडतं?

गौरी-गणपती तोंडावर आले किंवा घरात लग्न निघालं, की मेडिकलच्या काउंटरवर हलक्या आवाजात एक मागणी हमखास होते: पाळी पुढे ढकलायची गोळी. बहुतेकदा हातात पडते ती ५ मिलिग्रॅमची नॉरएथिस्टेरॉन. तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची आणि दिवसातून तीनदा घ्यायची. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते.

हे साधतं कसं? अंडाशयातून बीज बाहेर पडलं की मागे उरलेल्या पेशी प्रोजेस्टेरॉन बनवू लागतात आणि त्याच्या जोरावर गर्भाशयाचं अस्तर टिकून राहतं. गर्भ राहिला नाही, तर साधारण दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन ओसरतं, अस्तर सुटतं. गोळीतलं नॉरएथिस्टेरॉन हुबेहूब त्याचंच काम करतं. खरं प्रोजेस्टेरॉन केव्हाच ओसरलेलं असतं, पण अस्तराला त्याचा पत्ताच लागत नाही! १९५१ साली मेक्सिको सिटीत लुइस मिरामोंतेस या तरुण विद्यार्थ्याच्या हातून हा रेणू घडला, आणि पुढे तोच गर्भनिरोधक गोळ्यांतही आला.

खरं नवल पुढेच आहे. नुसत्या नॉरएथिस्टेरॉनच्या गर्भनिरोधक गोळीत ते असतं रोज ०.३५ मिलिग्रॅम. पाळी ढकलताना पोटात जातं रोज १५, म्हणजे चाळीस पटींहून जास्त. एवढा डोस गेला की त्याचा अगदी बारीकसा अंश शरीरातच एथिनिल एस्ट्राडायॉल बनतो. हे तेच इस्ट्रोजेन, जे ‘माला-डी’ या गर्भनिरोधक गोळीत मुद्दाम घातलेलं असतं, ३० मायक्रोग्रॅम. गोळीत नसलेलं औषध शरीर स्वतःच तयार करतं, आणि तेही जवळपास गर्भनिरोधक गोळीतल्याइतकं.

इस्ट्रोजेनमुळे यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनवतं. गोठणं आवरणारी काही प्रथिनं कमी होतात. मग क्वचित पायातल्या खोल शिरेत गुठळी धरते आणि ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. क्वचितच, हे खरं: गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमध्ये वर्षाला १ ते ५ जणींना असं होतं, इस्ट्रोजेनची गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्यांमध्ये ३ ते ९ जणींना. गरोदरपणात हा धोका याहूनही जास्त असतो. मळमळ, डोकेदुखी, स्तन दुखणं हे त्रास त्यामानाने किरकोळ.

म्हणूनच ही गोळी काहीही न विचारता काउंटरवरून दिली जाऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. पूर्वी गुठळी झाली असेल, आई-बहिणीला झाली असेल, डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकून अर्धशिशी उठत असेल, पस्तिशीनंतरही सिगारेट चालू असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. गोळ्या चालू असताना किंवा नुकत्याच संपल्यावर एकच पाय सुजून दुखू लागला, अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं, तर तडक दवाखाना गाठा आणि कुठली गोळी घेतली ते न लाजता सांगा.