अपसामान्य कोणाला म्हणावे?

एखाद्या माणसाला वेडा ठरविणे ही आपल्या समाजात फार सोपी गोष्ट आहे. रूढीला प्रश्न विचारणाऱ्या बाईच्या ‘डोक्यावर परिणाम झालेला’ असतो. गावकीचे काम नाकारणारा पोरगा ‘फिरलेला’ असतो. मानसशास्त्राला असे बोलून चालत नाही. त्याला निकष द्यावा लागतो. हा निकष कोणता आणि तो कोणी ठरविला, हे कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक यांनी समजून घेतले पाहिजे. कारण या निकषावरूनच माणसाला उपचार मिळतात, आणि कधी कधी त्याचे तोंडही बंद केले जाते.

अपसामान्य वर्तनाचे प्रामुख्याने चार निकष सांगितले जातात. पहिला संख्याशास्त्रीय. बहुसंख्यांत आढळते ते सामान्य, विरळ आढळते ते अपसामान्य. बुद्धिगुणांकाची सरासरी १०० धरली, तर ७० च्या खाली शेकडा दोन-अडीच माणसे येतात. पण १३० च्या वरही जवळजवळ तेवढीच येतात, आणि त्यांना कोणी विकारग्रस्त म्हणत नाही. शिवाय, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायलेली माणसे त्या काळच्या बहुसंख्य वर्तनाच्या बाहेर होती. त्यांना मारणारे मात्र रूढीला धरून वागत होते. एखादे वर्तन किती आढळते एवढेच आकडा सांगतो. ते निरोगी आहे की नाही, हे त्याला सांगता येत नाही.

दुसरा निकष सामाजिक प्रमाणकांचा. समाजाने घालून दिलेल्या नियमांपासून जे ढळते ते अपसामान्य. तिसरा निकष माणसाला स्वतःला होणाऱ्या त्रासाचा. पण उन्मादाच्या अवस्थेतल्या रोग्याला पुष्कळदा त्रास जाणवतच नाही; उलट तो अत्यंत आनंदात असतो. आणि आप्ताच्या मृत्यूने कोसळलेल्या माणसाला अपार त्रास होतो, तरी तो रोगी नसतो. चौथा निकष कार्यक्षमतेचा: झोप, काम, अभ्यास, नातीगोती हे रोजचे व्यवहार माणसाला पेलेनासे होणे. स्वतःला वा इतरांना असलेला धोका हाही कोणी वेगळा निकष मानतात.

यांतला दुसरा निकष सर्वांत घातक ठरला आहे. अमेरिकेतील सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टराने १८५१ साली ‘ड्रेपटोमेनिया’ नावाचा रोग जाहीर केला. त्याचे लक्षण एकच: गुलामाने मालकाकडून पळून जाणे. फटके मारणे हा त्यावर त्याने सुचविलेला एक उपाय. गुलामगिरी ही समाजव्यवस्था सामान्य मानली, की स्वातंत्र्याची ओढ आपोआप रोग ठरते!

हे केवळ जुन्या काळातच घडले असे नाही. १९६८ साली अमेरिकेतल्याच दोन मनोविकारतज्ज्ञांनी काळ्यांच्या आंदोलनाशी जोडून ‘निषेधाची मनोविकृती’ असे निदान मांडले. सोव्हिएत रशियात राज्यसत्तेच्या विरोधकांना ‘मंदगती छिन्नमनस्कता’ हे नाव देऊन इस्पितळात डांबले गेले. त्यावरून निषेधाची वेळ आली, तेव्हा १९८३ साली तेथील संघटना जागतिक मनोविकार संघटनेतून बाहेर पडली. समलिंगी आकर्षण हा विकार नव्हे, हे अमेरिकन मनोविकार संघटनेने १९७३ साली मान्य केले. जागतिक आरोग्य संघटनेने ते आपल्या यादीतून काढले १९९० साली. माणसे तीच होती. बदलला तो निकष.

या अनुभवातून व्याख्या सुधारत गेली. जेरोम वेकफील्ड यांनी १९९२ साली मांडले की विकार म्हणण्यासाठी दोन्ही गोष्टी हव्यात: मनाच्या एखाद्या यंत्रणेत खरोखर बिघाड, आणि त्या बिघाडामुळे माणसाची हानी. नुसती समाजाची नापसंती पुरेशी नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या ‘डीएसएम-५’ या २०१३ च्या निदानग्रंथातील व्याख्याही याच दिशेची आहे. विचार, भावना वा वर्तन यांत लक्षणीय बिघाड हवा आणि तो अंतर्गत प्रक्रियेतील दोषातून आलेला हवा. राजकीय, धार्मिक वा लैंगिक बाबतीत समाजाहून वेगळे वागणे किंवा व्यक्ती आणि समाज यांच्यातला संघर्ष हा त्या व्याख्येप्रमाणे विकार नव्हे. मुळाशी तसा दोष असेल तरच तो विकार. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे तिसरे कलमही असेच सांगते: राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थानावरून, किंवा समाजातील रूढ नैतिक, सामाजिक वा धार्मिक मूल्ये न पाळल्यावरून कोणालाही मनोरुग्ण ठरविता येणार नाही. हे कलम प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे.

परंतु येथे दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका आहे. १९६१ साली थॉमस साझ यांनी मानसिक आजार ही एक दंतकथा आहे, असे प्रतिपादन केले. चळवळीतल्या माणसाला ते पटकन पटते: रोग व्यवस्थेत आहे, माणसात नाही! हे अर्धसत्य आहे. वसतिगृहात रोज जातीवरून टोमणे ऐकणाऱ्या विद्यार्थ्याचा संताप आणि दुःख हे विकार नव्हेत. ती अन्यायाची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. पण उदासी किंवा कशातच रस न वाटणे, झोप उडणे, भूक मरणे, चित्त न लागणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे, अशा नऊ लक्षणांपैकी किमान पाच लक्षणे, त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक, सलग दोन आठवडे टिकली आणि रोजचे जगणे खिळखिळे झाले, तर नैराश्याच्या विकाराचे निदान होऊ शकते. त्याचे कारण बाहेरचे असले तरी विकार खराच असतो. कोणी काठी मारून हाड मोडले, तर हाडही बसवावे लागते आणि मारणाऱ्यावर फिर्यादही करावी लागते. एक केले म्हणून दुसरे टळत नाही.

प्रस्थापित व्यवस्था उलटे करते. ती विद्यार्थ्याला समुपदेशकाकडे पाठविते आणि वसतिगृह जसेच्या तसे ठेवते. म्हणजे दोष त्याच्या मनाचा, व्यवस्था मात्र निर्दोष! आपणही कधी कधी मोर्चा काढतो, पण त्या पोराला रात्री झोप लागते का, हे विचारायचे विसरतो. शिवाय ‘आपला माणूस खचत नाही’ या अभिमानापोटी खचलेला माणूस गप्प बसतो. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेत मानसिक उपचार मिळण्याचा हक्क त्याच कायद्याच्या अठराव्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तर ते मोफत मिळाले पाहिजेत. हा हक्क शिष्यवृत्तीइतक्याच ठामपणे मागितला पाहिजे.

तेव्हा कोणी एखाद्याला अपसामान्य म्हटले, की दोन प्रश्न विचारावेत. या माणसाने कोणाचा नियम मोडला? आणि या माणसाचे स्वतःचे काय मोडले आहे? पहिल्याचेच उत्तर मिळत असेल, तर तो रोगी नव्हे. कदाचित नियमच तपासायला हवा. दुसऱ्याचे उत्तर मिळत असेल, तर विलंब न लावता त्याला उपचारापर्यंत पोहोचवावे, आणि ज्याने मोडले त्याचा जाबही विचारावा.