गॅरेजच्या दारावरची कमान

गॅरेजला कमानदार दार करायचे तर एकाच गाळ्यात दोन गोष्टी साधाव्या लागतात: वरच्या भिंतीचा भार पेलायचा आणि दाराला उघडायला जागा ठेवायची. अमेरिकेत घराचा सांगाडा लाकडी असतो, तिथे सरळ तुळईखाली प्लायवूडचा कापलेला गोलावा ठोकून काम भागते. निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यात आरसीसीचे कॉलम-बीम आणि मधे वीट किंवा ब्लॉक असतात. तिथे एकदा बांधलेली कमान वाढवता येत नाही, फोडावीच लागते. म्हणून दार कोणते आणि ते भिंतीच्या कुठल्या अंगाला बसणार, हे गवंड्याने पहिली वीट ठेवण्याआधी ठरले पाहिजे.

रोलिंग शटर चौकोनीच असते. सरळ दांड्यावर गुंडाळणाऱ्या पट्ट्यांना वरून गोल कापता येत नाही. चाकणच्या कारखान्यांच्या शेडना सरळ माथ्याचे गाळे असतात आणि तिथे तेच योग्य आहे. बंगल्यात कमान हवीच असेल तर शटर भिंतीच्या आतल्या अंगाला, कमानीच्या मागे बसवतात. कमानीच्या माथ्यापर्यंत शटर आणि त्यावर गुंडाळीसाठी सव्वा ते दीड फूट मोकळी जागा लागते. बाजूच्या गाइडसाठी गाळ्याच्या दोन्ही कडांना सपाट भिंत हवी, आणि ती एएसी ब्लॉकची असेल तर तिथे काँक्रीटची उभी पट्टी ओतून घ्यावी, कारण नुसत्या ब्लॉकमध्ये अँकर नीट धरत नाहीत.

झडपांच्या दाराची अडचण वेगळी आहे. गोल माथ्याची झडप बिजागरीकडे बुटकी आणि मधल्या कडेला उंच असते. ती भिंतीच्या जाडीत बसवून आत ढकलली, तर तिचा उंच भाग कमानीच्या खाली उतरलेल्या भागावर अडतो आणि दार अर्धेच उघडते. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या दरवाजांत याचे उत्तर सापडते. तिथे दर्शनी कमान दगडी असते, पण झडपा तिच्या मागे, दगडी खळग्यांत फिरतील अशा बसवलेल्या असतात आणि त्यांच्या वरची जागा कमानीपेक्षा उंच ठेवलेली असते. बंगल्यातही झडपा भिंतीच्या आतल्या कडेला लावल्या की हा प्रश्न सुटतो.

मापे घेताना घोळ होतो तो गिलाव्याचा आणि फरशीचा. तयार गाळा ९ फुटांचा हवा असेल तर वीट ते वीट अंतर दोन्ही बाजूंच्या गिलाव्याइतके जास्त धरायचे. कडांना दगड लावायचा असेल तर त्याहून जास्त. उंची कच्च्या जमिनीपासून मोजू नये. पेव्हर किंवा कोटा बसला की तीन-चार इंच सहज जातात.

आता प्रत्यक्ष आखणी. गाळा ९ फूट, म्हणजे १०८ इंच, आणि कमानीचा चढ १८ इंच धरू. अर्ध्या गाळ्याचा, म्हणजे ५४चा वर्ग २९१६. त्याला १८ने भागले की १६२. त्यात चढाचे १८ मिळवून निम्मे केले की त्रिज्या ९० इंच येते. कमान तयार फरशीपासून ६ फुटांवर वळायला लागत असेल तर माथा साडेसात फुटांवर येतो आणि वर्तुळाचा मध्य नेमका फरशीच्या पातळीवर, गाळ्याच्या मधोमध पडतो. तिथे खिळा ठोकून दोरीने सगळी कमान तपासता येते. गिलाव्यासाठी वीटकामाची त्रिज्या वाढवायची, मध्य मात्र हलवायचा नाही. माथ्याची उंची पाहून फसू नये: मध्यापासून ३ फूट बाजूला सरकले की हीच कमान ६ फूट साडेदहा इंचांवर येते. उंच गाडीच्या टपाची कड किंवा त्यावरचा कॅरिअर इथेच घासू शकतो.

कमान भार खाली नेते, तशी बाजूलाही रेटते. गाळा आणि भार तेच ठेवून चढ निम्मा केला तर हा रेटा साधारण दुप्पट होतो. दिसायला नाजूक म्हणून चपटी कमान निवडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. गॅरेज बहुधा बंगल्याच्या कोपऱ्यात असते, म्हणजे एका बाजूला रेटा झेलायला लांब भिंत नसतेच. अशा जागी वर सरळ आरसीसी बीमने भार घ्यावा आणि कमान त्याखाली फक्त स्वतःचे वजन पेलणारी ठेवावी. जुन्या पद्धतीच्या कमानीचा मान त्यात कमी होत नाही, आणि काळ्या मातीत पाया थोडा हलून कमानीला तडा गेला, तरी वरचा भार बीमवरच राहतो.

सेंटरिंगसाठी, म्हणजे कमानीखालच्या तात्पुरत्या आधारासाठी, प्लायचे कमानीच्या गोलाव्याचे दोन सारखे तुकडे कापून, भिंतीच्या जाडीइतके अंतर ठेवून त्यांवर रिपा ठोकतात. टेकूंखाली पाचरी हव्यातच. विटा दोन्ही बाजूंनी बरोबरीने चढवायच्या, प्रत्येक सांध्याची दिशा मध्याच्या खिळ्याकडे दोरी धरून पाहायची, आणि माथ्याची वीट शेवटी घट्ट बसवायची. मसाला पुरेसा कडक झाल्यावर पाचरी थोड्या थोड्या सैल करायच्या, म्हणजे कमान हळूहळू भार घेते. हातोड्याने टेकू उडवला तर सांधे तडकतात.

झडपेची चौकट वळवायला भोसरीच्या फॅब्रिकेटरकडे सेंटरिंगचा फर्मा पाठवू नये. गिलावा झाल्यावर कमानीला पुठ्ठा लावून नवा नमुना काढावा, दोन्ही बाजूंची मापे लिहावीत आणि दार फिरायला फट सोडूनच अँगल वळवायला सांगावा.