गोडाचा बेत करा, पण ढवळत उभ्या राहू नका

सणासुदीचे दिवस असोत किंवा अचानक ठरलेला पाहुण्यांचा बेत, जेवणात गोड काय करायचं हा प्रश्न आधी येतो. खीर किंवा गाजराचा हलवा करायला अवघड नाही. पण दूध तळाला लागेल या भीतीने गॅससमोरून हलता येत नाही. घरातले बाकी सगळे बाहेर गप्पा मारत असतात आणि एकच व्यक्ती, बहुतेक वेळा आईच, हातात डाव घेऊन आत उभी असते. हा वेळ वाचवायचा असेल तर स्लो कुकर तुमच्या कामाचा आहे. मात्र त्यात काय होतं आणि काय होत नाही, हे आधी समजून घ्या.

मंद आचेची जुनी युक्ती

स्लो कुकर म्हणजे विजेवर चालणारी शेगडी, त्यात बसणारं सिरॅमिकचं जाड भांडं आणि वर काचेचं झाकण. १९७१ मध्ये अमेरिकेत रायव्हल कंपनीने 'क्रॉक-पॉट' या नावाने तो बाजारात आणला आणि नोकरी करणाऱ्या स्त्रियांमध्ये तो लोकप्रिय झाला. आपल्याला ही कल्पना नवी नाही. पंजाब-हरियाणाच्या खेड्यांत आजही गोवऱ्यांच्या धगीवर मातीच्या भांड्यात दूध तासन् तास तापत ठेवतात.

छोटा स्लो कुकर साधारण २०० वॅटचा असतो, म्हणजे ५ तासांना सुमारे १ युनिट वीज लागते. तुमच्याकडच्या इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये 'स्लो कुक'चं बटण असेल तर वेगळं उपकरण घेण्याची गरज नाही.

हे लक्षात ठेवा

स्लो कुकरमध्ये वाफ बाहेर जात नाही. त्यामुळे दूध तळाला सहसा लागत नाही, पण ते आटतही नाही. म्हणून बासुंदी आणि रबडी कढईतच करा. रव्याचा शिरा किंवा बेसनाच्या लाडवांना भाजणं हवं, तेही इथे जमणार नाही. शिजायला वेळ लागणारे आणि मऊ राहणारे पदार्थ मात्र छान होतात. असे तीन पदार्थ करून बघा.

तांदळाची खीर

साहित्य : दीड लिटर फुल क्रीम दूध, अर्धी वाटी आंबेमोहोर किंवा बासमती तुकडा, पाऊण वाटी साखर, १ चमचा तूप, वेलची पूड, केशर, बदाम-पिस्त्याचे काप.

कृती : तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा. भांड्याला आतून तूप लावा. दूध गॅसवर उकळून त्यात ओता, निथळलेले तांदूळ घाला आणि 'हाय'वर अडीच ते ३ तास ठेवा. मध्ये दोनदा तळापासून ढवळा. तांदूळ मऊ झाल्यावरच साखर, केशर आणि वेलची घाला आणि झाकण काढून आणखी अर्धा तास ठेवा. गूळ घालायचा असेल तर कुकर बंद करून खीर कोमट झाल्यावर घाला, नाहीतर दूध फाटेल.

गाजराचा हलवा

साहित्य : १ किलो लाल गाजरं, अर्धा लिटर दूध, १५० ग्रॅम खवा, १५० ते २०० ग्रॅम साखर, ४ चमचे तूप, वेलची पूड, काजू.

कृती : गाजरं किसून २ चमचे तूप आणि गरम दुधासोबत कुकरमध्ये घाला. इथे दूध नेहमीपेक्षा कमी घेतलंय, कारण ते आटणार नाही. 'हाय'वर ३ तास झाकून शिजवा. मग झाकण काढून तासभर ठेवा, अधूनमधून ढवळा. शेवटी कढईत उरलेलं तूप तापवून काजू परता, त्यात शिजलेलं गाजर, साखर आणि खवा घालून मोठ्या आचेवर १० मिनिटं परता आणि वेलची घाला. ही १० मिनिटं टाळू नका, हलव्याला चकाकी आणि चव यामुळेच येते.

भापा दोई

हा बंगाली पदार्थ आहे, वाफवलेल्या गोड दह्याचा. खरवस आवडणाऱ्यांना नक्की आवडेल.

साहित्य : ४०० ग्रॅम चक्का, ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, अर्धी वाटी दूध, वेलची पूड, पिस्ते.

कृती : पिस्ते सोडून सगळं एकत्र फेटून लहान वाट्यांत ओता आणि फॉइलने झाका. कुकरच्या तळाशी घडी केलेला रुमाल ठेवून त्यावर वाट्या मांडा. वाट्या अर्ध्या बुडतील इतकं गरम पाणी ओता. झाकणाखाली कोरडं सुती कापड ताणून लावा, म्हणजे वाफेचं पाणी दह्यात पडणार नाही. कापडाची टोकं वर झाकणावर घ्या, गरम कुकरवर लोंबू देऊ नका. 'हाय'वर दीड ते २ तासांत दही सेट होतं. मध्यभागी सुरी घालून बघा, ती स्वच्छ बाहेर आली की झालं. ४ तास फ्रिजमध्ये ठेवा आणि वरून पिस्ते घालून वाढा.

काही टिप्स

* भांडं अर्ध्यापेक्षा कमी किंवा पाऊणपेक्षा जास्त भरू नका.
* सारखं झाकण उघडू नका. दर वेळी आतली वाफ निघून जाते आणि शिजायला आणखी वेळ लागतो.
* दूध नेहमी गरम करूनच घाला. फ्रिजमधलं गार दूध तापायला फार वेळ घेतं आणि नासू शकतं.
* वीज गेली तर पदार्थ तसाच ठेवू नका, लगेच पातेल्यात काढून गॅसवर शिजवा.
* गरम सिरॅमिकच्या भांड्यात गार पाणी ओतू नका, ते तडकू शकतं.
* प्रत्येक कुकरची आच थोडी वेगळी असते. पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी, घरच्यांपुरती खीर करून वेळेचा अंदाज घ्या.

एकदा हा अंदाज आला की, पाहुण्यांच्या दिवशी सकाळी कुकर लावा आणि खीर शिजेपर्यंत तुम्हीही बाहेर येऊन सगळ्यांसोबत बसा.