वावरातली भाजी ताटातून गेली कुठे?

गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर गेले होते. मुंबईला परतताना मलकापूरला उतरले आणि दोन दिवस माहेरी राहिले. सोयाबीन सोंगायचे दिवस होते. वहिनी दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबून दिवे लागणीला घरी आली आणि तिने ताट वाढले. रेशनच्या गव्हाच्या पोळ्या, बटाट्याचा रस्सा आणि भात. मी सहज विचारले, "वहिनी, ज्वारीची भाकर नाही का हो?"

ती हसली. "ताई, ज्वारी पेरते कोण आता? पाखरं राखा, डुकरं हाकला. सोयाबीन बरं, तीन-साडेतीन महिन्यात मोकळं."

"आणि भाजी? निंदणातून आणत नाही?"

"निंदण राहिलं कुठं? औषध मारतात."

या दोन वाक्यांनी मला विचारात पाडले. आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबे भूमिहीन शेतमजुरांची. आपल्या ताटात काय पडावे हे दुसऱ्याच्या वावरात काय पेरले जाते यावर ठरत आले. ते पीक बदलले, तेव्हा आपल्याला कोणी विचारले नाही. आपले ताट मात्र बदलून गेले.

माय सांगते, तिच्या तरुणपणी सोंगणीची मजुरी ज्वारीत मिळायची. पैसा हाती फारसा यायचा नाही, पण पायलीने मोजलेले धान्य घरी यायचे. खरिपाच्या त्या वावरात नुसती ज्वारी नसे. तिच्यात तुरीचे तास असत, मूग-उडीद असे, बरबटी असे, धुऱ्याच्या कडेने अंबाडी असे. निंदणाला गेलेली बाई संध्याकाळी घरी येताना ओटीत भाजी घेऊन यायची. पहिल्या पावसाचा कोवळा तरोटा, तांदुळजा, घोळ, चिवळ, पाथरी. शेतकऱ्याच्या लेखी ते तण होते, म्हणून ते न्यायला कोणाची ना नसे. भूमिहीनाच्या घरात फुकट येणारी ती एकच सकस वस्तू होती.

अंबाडीची भाजी करायची रीत तर आमच्याकडे ठरलेली. पाला उकडून त्याचे आंबट पाणी काढायचे, त्यात तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या शिजवून घोटायच्या, वरून लसणाची चरचरीत फोडणी. पाहा, या एका भांड्यात त्या वावरातली तीन पिके एकत्र आली.

पण म्हणून जुने दिवस सोन्याचे होते असे कोणी समजू नये. त्याच काळात दारोदार फिरून भाकरी मागावी लागे. शिळी, उष्टी, वरून टाकलेली. मेलेल्या ढोराचे मांस वाळवून चान्या करून ठेवाव्या लागत, कारण पावसाळ्यात दुसरे काही नसे. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे तुकडे सोडा, असे बजावले ते यासाठीच. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. ती वतने संपवणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. ज्या भाकरीसाठी मान खाली घालावी लागते ती भाकरी कितीही पौष्टिक असली तरी नको, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी उपाशी राहून दाखवून दिले. त्या काळचे आपले खाणे काय होते हे शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांच्या चुलीवरून लिहून ठेवले आहे. २०१५ साली ते निघाले. आपल्या मुला-मुलींनी वाचावे.

भाकरी मागणे सुटले, पण जमीन काही हाती आली नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारोंनी तुरुंग भरले. काहींना गायरानाचा तुकडा मिळाला, बहुतेक तसेच राहिले.

आता पीक कसे बदलले ते पाहू. १९६० नंतर संकरित ज्वारी आली. लोक तिला 'हायब्रीड' म्हणू लागले. उतारा दांडगा, पण कणसे भरताना पाऊस लागला की दाणा काळा पडे आणि भाकरीला ती चव नसे. १९७२ चा दुष्काळ आमच्या मायच्या तोंडून अजून जात नाही. खडी फोडायला जायचे, सुकडी खायची आणि रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो घ्यायचा. पुढे विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन आले आणि काही वर्षांत खरिपाची ज्वारी उठली. सोयाबीन तेलगिरणीत जाते. वहिनी दिवसभर ते सोंगते, पण त्यातले मूठभरही तिच्या चुलीवर शिजत नाही. मजुरी रोख झाली, हे चांगलेच झाले. पण तणनाशकाच्या फवाऱ्याने निंदणाचे काम गेले आणि ओटीतली भाजीही गेली. मजुरी बुडाल्याचे सगळ्यांना कळते, भाजी गेल्याचे कोणाच्या हिशेबात नाही.

त्या जागी रेशन आले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला, जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळते. कोणी कितीही नावे ठेवो, या धान्याने घरे जगवली. कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरड धान्यही लिहिलेले आहे. काही जिल्ह्यांत अधूनमधून गव्हाऐवजी ज्वारी मिळतेही. पण मुख्यतः पोत्यात येतात ते गहू आणि तांदूळ. त्यांच्यासोबत खायची डाळ-भाजी बाजारातून पैसे मोजून आणायची.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०२३ हे भरड धान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, तेव्हापासून ज्वारी-बाजरीची मोठी वाहवा चालू आहे. मॉलमध्ये ज्वारीची बिस्किटे मिळतात. (आपण भाकर खात होतो तेव्हा हे लोक नाक मुरडत होते, ते असो.) ज्वारी चांगलीच आहे. शंभर ग्रॅममध्ये सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि तितकाच चोथा. पण न चाळलेल्या गव्हाच्या पिठातही चोथा कमी नसतो. कोंडा फेकला, मैद्याचे टोस्ट-खारी चहात बुडवली, ताटभर पांढरा भात घेतला की बिघडते. आणि ज्याला साखरेचा आजार आहे त्याने भाकरीही मोजूनच खावी.

शिवाय नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्यांचेही हाल झालेले आहेत. १९६० च्या सुमारास हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की त्या भागातल्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होतो. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी, खरखरीत पडते, जुलाब होतात, डोके ठिकाणावर राहत नाही. म्हणजे भाकरीबरोबर डाळ, भाजी, अंडी, मांस लागतेच. आपली खरी हानी भाकरी जाण्याने झाली त्यापेक्षा तिच्यासोबतचे कालवण जाण्याने झाली. त्यात महाराष्ट्रात २०१५ साली बैलाच्या मांसावरही बंदी आली आणि गरिबाचे एक स्वस्त मांस गेले.

परिणाम घरातल्या बायांच्या अंगावर दिसतो. शासनाच्या २०१९-२१ च्या आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. आपल्या वस्तीत तर दम लागणे, चक्कर येणे याला आजार कोणी म्हणतच नाही, 'अशक्तपणा' म्हणून सोडून देतात. भगिनींनो, रक्त तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात. जेवण झाल्यावर लगेच चहा घेऊ नका, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा. बकऱ्याचे काळीज परवडेल तेव्हा आणा आणि ते केवळ पुरुषांच्या ताटात वाढू नका. शेवग्याचे एक झाड वस्तीत असले तर दहा घरांना पाला पुरतो. रेल्वेलाइनच्या कडेची, गटाराच्या पाण्यावरची भाजी मात्र स्वस्त म्हणून घेऊ नका.

निघताना मायने पदराच्या गाठीतून अंबाडीचे बी काढून दिले. यंदा मृगात मी ते चाळीच्या गॅलरीत फुटक्या ड्रममध्ये टाकले. पहिली खुडणी चार माणसांपुरती झाली. ज्वारीच्या कण्या नव्हत्या, रेशनच्या तांदळाच्या घातल्या. मुलाने आधी तोंड वाकडे केले, मग दुसऱ्यांदा वाढून घेतले.