छोट्या कॉलेजचा हंगाम

मुलांनो, ‘हंगाम’ हा मराठी शब्द तुम्ही अनेकदा ऐकला असेल. आंब्याचा हंगाम, कापूस वेचणीचा हंगाम, लग्नाचा हंगाम. उर्दूत तुम्ही ‘हंगामा’ म्हणता, तेव्हा गडबड, गोंधळ असा अर्थ होतो. दोन्ही शब्द फारसीच्या एकाच घराण्यातले आहेत. पण मराठीत येताना ‘हंगाम’ शांत झाला आणि त्याचा अर्थ ‘ठरलेला काळ’ एवढाच राहिला. खेळांनाही असा हंगाम असतो. या पाठात आपण एका छोट्या कॉलेजच्या हंगामाची ओळख करून घेऊ.

आधी थोडे दूर, अमेरिकेत जाऊ. तिथे ‘फुटबॉल’ म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. त्यातला चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळतात, आणि पळणाऱ्याला समोरचे खेळाडू धरून खाली पाडतात. एका वेळी एका बाजूचे ११ खेळाडू मैदानावर असतात. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांमध्ये न्यू जर्सी राज्यात जो सामना झाला, तो या खेळाचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना मानतात. तेव्हा प्रत्येक बाजूला २५ खेळाडू होते आणि रटगर्सने ६-४ असा विजय मिळवला. पुढे हा खेळ इतका दांडगाईचा झाला की मैदानावर तरुण मुले दगावू लागली. १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या लोकांना बोलावून ‘हे थांबवा’ असे बजावले आणि १९०६ मध्ये नियम बदलले गेले.

आज तिथली मोठी विद्यापीठे या खेळावर अफाट पैसा खर्च करतात. पण छोटी कॉलेजेही खेळतात. एनसीएए या संस्थेने १९७३ मध्ये कॉलेजांचे तीन विभाग केले. तिसऱ्या विभागातील कॉलेजांना खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. तिथला मुलगा आठवडाभर वर्गात बसतो, सरावाला जातो, आणि सप्टेंबरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दर शनिवारी सामना खेळतो. साधारण दहा सामने. त्यातले दहाही हरला, तरी दहा खेळायला मिळतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. तिचे काम पुढे पडणार आहे.

(आपल्याकडे या खेळाची एक लीग २०१२ मध्ये सुरू झाली होती आणि तिच्यात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघही होता, पण तो खेळ इथे रुजला नाही.)

आता फुलंब्रीला या. छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, सिल्लोडकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे तालुक्याचे गाव आहे. जवळून गिरजा नदी वाहते. आसपास कापूस, मका, आले यांची शेती. इथे संत सावता माळी ग्रामीण महाविद्यालय आहे. मराठवाड्यातील अशी शेकडो कॉलेजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांची. अशा कॉलेजात धरून पाडण्याचा जो खेळ खेळतात, तो कबड्डी.

कबड्डी तुम्ही गल्लीत खेळलाच असाल. महाराष्ट्रात जुने लोक तिला ‘हुतूतू’ म्हणत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिचे प्रात्यक्षिक करून दाखवले. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांपासून तिला पदके मिळू लागली. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी या खेळासाठी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात ‘कबड्डी दिन’ म्हणून पाळतात. योगायोग असा की, कॉलेजचा हंगाम सुरू होतो तोही याच सुमारास.

समजा, तुमचे भाईजान अशाच एखाद्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला गेले आहेत. जुलैमध्ये सूचनाफलकावर कागद लागतो : ‘कबड्डी संघाची निवड, सकाळी सहा वाजता.’ तीस-चाळीस मुले येतात. संघात घ्यायची असतात बारा. त्यातली सात मैदानात उतरतात, पाच राखीव. पावसाने काळ्या मातीचा चिखल झालेला असतो, म्हणून मुरूम आणि चाळलेली माती पसरून मैदान करावे लागते. ते मुलेच करतात. मग दोरी धरून चुन्याची फक्की मारतात. मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मधोमध मध्यरेषा. तिच्यापासून दोन्ही बाजूंना पावणेचार मीटरवर निदानरेषा, आणि तिच्या पलीकडे एक मीटरवर बोनसरेषा. दोन्ही कडांना एक-एक मीटरचे राखीव क्षेत्र.

खेळाचे शब्द तुम्हांला अवघड जाणार नाहीत. ‘चढाई’, ‘पकड’, ‘मैदान’ हे उर्दूतही तेच आहेत. ‘दम’ तर फारसीतूनच आला : दम म्हणजे श्वास. चढाई करणारा ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत एका दमात विरोधी भागात शिरतो. त्याला तीस सेकंद मिळतात. कोणालाही स्पर्श झाला नाही, तर किमान निदानरेषा ओलांडून परत यायचे, नाहीतर तो बाद. ‘बाद’ या शब्दाकडे मात्र नीट पाहा. उर्दूत ‘बाद’ म्हणजे नंतर. मराठी खेळात ‘बाद’ म्हणजे डावातून बाहेर.

चढाईवाला ज्यांना शिवून परत येतो, ते बाद होतात आणि तितके गुण त्याच्या संघाला मिळतात. तो पकडला गेला, तर तोच बाद. पण कबड्डीची खरी गंमत पुढे आहे. बाद झालेला खेळाडू कायमचा बाद नसतो. त्याच्या संघाने पुढे एखाद्याला बाद केले की तो परत येतो. ज्या क्रमाने गेले, त्याच क्रमाने येतात. सगळे सातही बाद झाले तर ‘लोण’ चढतो : विरोधी संघाला दोन जादा गुण, आणि सातही जण पुन्हा उभे. क्रिकेटमध्ये बाद झालेला फलंदाज त्या डावात पुन्हा खेळायला येत नाही. इथे तुमचा मित्र बाहेर बसलेला असतो आणि त्याला आत आणणे तुमच्या हातात असते. हा नियम मला या खेळातील सर्वांत सुंदर वाटतो.

नियम शरीराची काळजीही घेतात. पकड करताना चढाईवाल्याचे तोंड दाबून त्याचा दम तोडता येत नाही, गळा आवळता येत नाही, पायांची कैची मारता येत नाही. घोटा धरा, मांडी धरा, दोघांनी हात गुंफून साखळी करा. पण जायबंदी करू नका. अमेरिकेला १९०५ साली जे शिकावे लागले, तेच हे. वजनालाही मर्यादा असते. पुरुषांच्या गटात सामान्यतः ८५ किलो. अमेरिकन फुटबॉलमध्ये सव्वाशे किलोचा गडी पुढच्या फळीत उभा असतो. कबड्डीत त्याला प्रवेशच नाही.

सराव ऑगस्ट, सप्टेंबरमध्ये चालतो आणि तिथेच अडचणी सुरू होतात. ऑक्टोबरात मक्याची काढणी येते, पाठोपाठ कापसाची वेचणी. ज्याच्या घरी दोन-चार एकर आहे आणि मजूर लावायला पैसे नाहीत, तो मुलगा सरावाला दांडी मारतो. पहिल्या सत्राची परीक्षाही तोंडावर येते. कोणी दुरून एस.टी.ने येतो, सकाळची गाडी चुकली की सराव बुडाला. खेळाच्या शिक्षकांना हे सगळे माहीत असते. म्हणून ते अकरा-बारा मुलांवर कधीच विसंबत नाहीत. पंधरा-सोळा तयार ठेवतात.

मग येते आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. एक कॉलेज यजमान असते आणि बाकीचे संघ तिथे जातात. अशा स्पर्धा बहुधा ‘बाद पद्धती’ने होतात : हरलात की घरी. हिशेब करून पाहा. समजा ३२ संघ आले. पहिल्या फेरीत १६ सामने, आणि १६ संघ त्याच दिवशी बाहेर. विजेता ठरेपर्यंत एकूण ३१ सामने होतात, कारण प्रत्येक सामन्यात एकच संघ बाद होतो आणि ३१ संघांना बाद करायचे असते. म्हणजे निम्म्या संघांचा हंगाम फक्त एका सामन्याचा. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटे विश्रांती. जुलैपासून पहाटे उठून केलेला सराव, आणि खेळ चाळीस मिनिटे. अमेरिकेतल्या त्या छोट्या कॉलेजचे दहा सामने आठवले का? माझ्या मते आपल्या ग्रामीण कॉलेजांवर इथे अन्याय होतो. चार-चार संघांचे गट करून सगळ्यांना निदान तीन सामने दिले, तर खर्च वाढेल, दोन दिवस जास्त लागतील. पण मुलगा हरून शिकेल तरी. पहिल्याच सामन्यात हरलेल्याला शिकायला पुढचा सामना कुठे आहे?

आणखी एक फरक मैदानाचा. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मातीवर अनवाणी खेळलेला मुलगा पहिल्यांदा बूट घालून मॅटवर उतरतो तेव्हा त्याचा पाय अंदाजापेक्षा लवकर थांबतो. मातीत घसरत मागे येण्याची सवय तिथे उपयोगाची नाही. शहरातील मुलांनी याचा सराव केलेला असतो.

संघ हरला तरी खेळाडूची वाट पूर्ण बंद होत नाही, हे मात्र चांगले आहे. स्पर्धेतील चांगले खेळाडू हेरून विद्यापीठाचा संघ निवडतात. तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथे महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा अशा राज्यांतील विद्यापीठे येतात. देशाचे असे चार विभाग आहेत आणि प्रत्येकातील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेत खेळतात. या स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ ही १९२५ साली स्थापन झालेली संस्था भरवते. खेळाडूचे वय १७ ते २५ च्या दरम्यान असावे लागते. नापास होत राहून वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांना त्यामुळे आळा बसतो.

या धडपडीतून मिळते काय? पैसे नाहीत. प्रवासभत्ता, एक टी-शर्ट, प्रमाणपत्र. पण त्या प्रमाणपत्राला वजन असू शकते. महाराष्ट्र शासनाने २००५ साली शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवल्या. कोणत्या स्पर्धेतील कोणते स्थान धरायचे, हे शासनाने ठरवून दिले आहे आणि प्रमाणपत्राची पडताळणीही होते. म्हणून ज्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात गेले आहे, तिथे ‘खेळून काय मिळणार?’ या अब्बांच्या प्रश्नाला थोडेफार उत्तर देता येते. मुलींच्या घरी हा प्रश्न जास्त वेळा विचारला जातो. अशा वेळी आपाने सारिका काळे यांचे नाव सांगावे. त्या आपल्याच मराठवाड्यातील, धाराशिवच्या. खेळ कबड्डी नव्हे, खो-खो. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि तुळजापूरला त्या तालुका क्रीडा अधिकारी झाल्या.

तुमच्या तालुक्यात असा सामना भरला, तर जरूर पाहायला जा. सगळे लोक चढाईवाल्याकडे पाहतात. तुम्ही कोपऱ्यात उभ्या असलेल्या बचावपटूकडे पाहा. तो अर्धा वाकलेला असतो आणि शेजाऱ्याचा हात धरून असतो. चढाईवाल्याचा पाय बोनसरेषेकडे पसरला, की तो हात सोडतो, घोट्यावर झेप घेतो, आणि बाकीचे पाच-सहा जण एका क्षणात त्याच्या मागे येतात. चढाईवाला मध्यरेषेकडे हात लांबवतो. बोट रेषेला लागले की नाही, हे पंचांच्या शिट्टीनंतरच कळते.