दिवाळीची रंगरंगोटी आणि उटणे : घरच्या घरी, पण जपून

दसरा झाला की घराघरांतून जळमटे काढायला सुरुवात होते. माळ्यावरची भांडी खाली येतात, गाद्यांना ऊन दाखवले जाते आणि भिंतींकडे पाहून घरधनीण म्हणते, यंदा हात फिरवायलाच हवा. रंगारी लावायचा तर खर्च परवडत नाही. तेव्हा बाजारातून चुना आणायचा, कुंचा आणायचा आणि रविवारी घरच्या मंडळींनीच कामाला लागायचे, असा बेत ठरतो. याच पंधरवड्यात उटणे, मेंदी, केसांचा कलप आणि चेहरा उजळण्याची मलमे यांचीही खरेदी होते. ही दोन्ही कामे घरी करण्याजोगीच आहेत. पार्लरवाचून आणि रंगाऱ्यावाचून दिवाळी साजरी होते, आणि ती पुष्कळदा अधिक चांगली होते. मात्र ‘घरगुती’ आणि ‘निर्धोक’ हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत, हे या दिवसांत वारंवार विसरले जाते.

प्रथम भिंतींचे पाहू. सर्वांत स्वस्त आणि आरोग्याला बरा रंग म्हणजे आपला कळीचा चुनाच. तो तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी सहज धरत नाही. भिंत ‘श्वास’ घेऊ शकते, म्हणजे पावसाळ्यात आत मुरलेली ओल बाहेर पडायला वाट राहते. भिंतीवर लावलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू चुनखडीसारखा घट्ट होतो. ओला असताना हात पारदर्शक दिसतो, वाळल्यावर पांढरा होतो. त्यामुळे पहिल्या हाताला निराश होऊन जाड थर देऊ नये, दिल्यास पुढे पोपडे निघतात. दुधासारखा पातळ चुना करून दोन-तीन हात द्यावेत. आधी भिंत झाडून, पाणी शिंपडून ओलसर करून घ्यावी. शुभ्रपणासाठी थोडी नीळ आणि हाताला चुना लागू नये म्हणून डिंकाचे पाणी घालण्याची जुनी पद्धत आहे, ती चांगली आहे.

पण हाच चुना डोळ्याचा मोठा वैरी आहे. कळीच्या चुन्यावर पाणी पडले की तो उकळतो, खदखदतो आणि शिंतोडे उडवतो. त्यासाठी चुना नेहमी लोखंडी पिंपात किंवा मोठ्या मडक्यात विरवावा. प्लॅस्टिकची बादली उष्णतेने मऊ पडते. भांड्यात आधी भरपूर पाणी घेऊन त्यात चुन्याचे खडे थोडेथोडे सोडावेत. खड्यांच्या ढिगावर वरून पाणी ओतू नये. भांड्यावर वाकून पाहू नये, पोराबाळांना त्या बाजूला फिरकू देऊ नये आणि चुना रात्रभर विरू द्यावा. छताला कुंचा मारताना थेंब सरळ खाली, म्हणजे वर पाहणाऱ्याच्या डोळ्यांतच येतात. स्कूटर चालवताना लावतात तो साधा चष्मा तरी या कामाला लावावाच. हातांना खोबरेल तेल चोळून जुने मोजे किंवा रबरी हातमोजे घालावेत. एरवी संध्याकाळी बोटांना भेगा पडतात आणि नखांच्या कडा झोंबू लागतात.

एवढे जपूनही डोळ्यात चुना गेलाच तर काय करावे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. जागच्या जागी, क्षणाचाही विलंब न करता, डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याने धुवायला लागावे. नळाखाली, नाहीतर तांब्याने पाणी सोडत राहावे, आणि हे दोन-चार मिनिटे नव्हे तर निदान अर्धा तास चालू ठेवावे. पापणीच्या आत चुन्याचा कण दिसला तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने तो अलगद काढावा. डॉक्टरकडे जायचे ते धुतल्यानंतर, धुण्याऐवजी नव्हे. आम्ल सहसा डोळ्याच्या वरच्या थराला गोठवते आणि तिथेच बरेचसे थांबते. चुन्यासारखा अल्क मात्र आत आत शिरत राहतो. आरंभी दुखणे फारसे नसले तरी दुसऱ्या दिवशी बुबुळ पांढरे पडलेले दिसू शकते. तूप, दूध, गुलाबपाणी, मध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. आणि ‘चुन्यावर उतारा’ म्हणून लिंबू पिळण्याचा अघोरी प्रकार तर मुळीच करू नये.

जाता जाता एक गोष्ट. पान-तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची लहान पुडी किंवा नळी घरात पडलेली असते. मूल ती खेळण्यासारखी दाबते आणि चुना फसकन डोळ्यात उडतो. अशा दुखापतींची नोंद आपल्या देशातील नेत्रतज्ज्ञांनी वारंवार केली आहे. दिवाळीच्या सफाईत हातात लागेल ती पुडी कचऱ्यात टाकावी.

दारे, खिडक्या आणि गज यांना मात्र चुना चालत नाही, तिथे तैलरंग लागतो. येथे धोका नव्या रंगापेक्षा जुन्या रंगात अधिक आहे. पूर्वीच्या तैलरंगांत शिशाचे प्रमाण बरेच असे. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. म्हणजे त्याआधी रंगवलेली दारे आणि कठडे आपल्या घरात असतील तर ते शिसेयुक्त असण्याचा संभव धरूनच चालावे. असा रंग कोरडा घासला की त्याची भुकटी घरभर होते, आणि रांगणारे मूल ती जमिनीवरून बोटांनी तोंडात नेते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते, आणि त्याची लक्षणे लवकर दिसत नाहीत. यासाठी कोरडा पॉलिश पेपर न वापरता पाण्यात बुडवून वॉटर पेपरने घासावे, खाली जुनी वर्तमानपत्रे पसरावीत, नंतर ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. स्टोव्हच्या किंवा ब्लो लॅम्पच्या आचेने जुना रंग जाळून काढण्याची पद्धत घरात अजिबात नको. गरोदर बाई व लहान मुले यांना त्या दिवशी शेजारी किंवा आजोळी धाडावे. दम्याच्या रुग्णालाही हाच नियम. जळमटांची धूळ आणि रंगाचा वास दोन्ही त्याला सोसत नाहीत.

काम आटोपल्यावर हात थिनरने किंवा रॉकेलने धुण्याची सवय आहे. त्याने रंग निघतो हे खरे, पण त्याबरोबर त्वचेचे नैसर्गिक तेलही निघून जाते आणि मग खाज, भेगा, कोरडेपणा मागे लागतो. ओल्या तैलरंगाला साधे गोडेतेल चोळावे, तो सुटतो. नंतर साबणाने धुवावे.

बाकीच्या सजावटीबद्दल फार सांगायला नको. जुन्या काठापदराच्या साडीचे पडदे, तुळशीवृंदावनाला गेरू, उंबऱ्याला रांगोळी, मुलांनी कामट्यांचा केलेला आकाशकंदील यांत खर्चही नाही आणि अपायही नाही. फक्त कोणत्याही पडद्याखाली पणती ठेवू नये.

आता भिंतीवरून चेहऱ्याकडे येऊ. गंमत अशी की, जे भिंतीला लागू ते त्वचेला लागू नाही, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. भिंत घासावी तशी त्वचा घासली जाते, भिंतीला पांढरे करावे तसे चेहऱ्याला पांढरे करण्याचा खटाटोप चालतो. त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो आणि तेच तिचे चिलखत आहे. खाण्याच्या सोड्याने ते एका बाजूने बिघडते, लिंबाच्या रसाने दुसऱ्या बाजूने. चेहऱ्यावर लिंबू चोळण्याचा सल्ला आजही सर्रास दिला जातो. लिंबाच्या रसाने आणि सालीतील द्रव्याने त्वचा उन्हाला हळवी होते. लिंबू लावून ऑक्टोबरच्या उन्हात बाजाराला गेलेल्या मुलीच्या गालावर चट्टे उठतात, कधी फोड येतात, आणि त्यांचे तपकिरी डाग काही महिने जात नाहीत. बावची या औषधी बियांतही अशीच द्रव्ये असतात. काही तयार उटण्यांत बावची घातलेली असते. पुडीवरचे बारीक अक्षर वाचून ती नसलेलेच घ्यावे.

त्यापेक्षा उटणे घरी करणे सोपे आणि स्वस्त. मसुरीच्या डाळीचे किंवा हरभऱ्याच्या डाळीचे पीठ दोन वाट्या, आंबेहळद एक चमचा, नागरमोथा, कपूरकाचरी व वाळा यांची पूड प्रत्येकी चमचाभर, सावलीत सुकवलेल्या गुलाबपाकळ्या मूठभर. सर्व एकत्र कुटून वस्त्रगाळ करावे. वस्त्रगाळ करणे महत्त्वाचे, कारण जाडसर कण त्वचेवर बारीक ओरखडे काढतात. लावताना दूध किंवा पाण्यात सैलसर कालवावे, आधी अंगाला तीळ तेल किंवा खोबरेल तेल जिरवावे आणि हलक्या हाताने चोळून कोमट पाण्याने धुवावे. खसखसून चोळल्याने मळ जास्त निघतो हा भ्रम आहे. चेहऱ्यावर तारुण्यपिटिका असतील तर तेल चेहऱ्याला लावू नये आणि पिटिकांवर उटणे घासू नये. उटण्याने त्वचा स्वच्छ आणि मऊ होते. ती गोरी होत नाही, आणि तसे व्हायची गरजही नाही.

मेंदीबद्दल दोन शब्द. मेंदीच्या पानातील रंग त्वचेवर नारिंगी ते तपकिरी उमटतो, त्याला काही तास लागतात आणि दुसऱ्या दिवशी तो अधिक गडद होतो. जी मेंदी अर्ध्या तासात काळीकुट्ट रंगते तिच्यात पानाखेरीज दुसरे काहीतरी आहे असे समजावे. बहुधा ते पॅरा-फेनिलिन-डायअमिन नावाचे रसायन असते. केसांच्या बहुतेक काळ्या कलपांतही तेच असते. ज्याला त्याची ॲलर्जी येते त्याच्या हातावर नक्षीच्या आकाराचेच फोड उठतात, आणि ही ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्माची सोबत करते. लहानपणी हौसेने काळी मेंदी काढलेल्या मुलीला पुढे वीस वर्षांनी कलप लावल्यावर डोळे मिटेपर्यंत चेहरा सुजू शकतो. यासाठी कलपाचा थेंब कानामागे लावून ४८ तास वाट पाहावी. दर वेळी पाहावी, मागच्या वेळी काही झाले नव्हते म्हणून सोडू नये. ‘काळी मेंदी’ या नावाने मिळणारी पुडी ही पुष्कळदा कलपच असते. ती मुलांच्या हाती लागू देऊ नये. कलप पोटात गेल्यास काही तासांत जीभ व घसा सुजून श्वास अडतो आणि मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता सरळ मोठे रुग्णालय गाठावे.

सर्वांत जास्त नुकसान मात्र एका लहानशा ट्यूबने होते आहे. मुलगी दाखवायची असते, दिवाळीनंतर लग्नसराई सुरू होणार असते, आणि मैत्रीण, शेजारीण किंवा औषधाचा दुकानदारच सांगतो, हे लावा, आठवड्यात चेहरा उजळेल. आणि तो खरोखरच उजळतो. त्यामुळेच फसगत होते. या मलमांपैकी अनेकांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांसारखी तीव्र स्टिरॉइड्स असतात. ती रक्तवाहिन्या आकसवतात आणि रंगद्रव्य तयार होणे मंदावतात, म्हणून चेहरा गोरा दिसतो. काही आठवडे-महिने गेले की त्वचा पातळ पडते, लाल शिरा दिसू लागतात, उन्हात गेले की आग होते, पुरळ येते, गालांवर लव वाढते. घाबरून मलम बंद केले की चेहरा भडकून लाल होतो, म्हणून पुन्हा तेच लावले जाते. अशी मुलगी दवाखान्यात येते तेव्हा ती दोन-दोन वर्षे त्या ट्यूबची बांधील झालेली असते. ही उत्तम औषधे आहेत, पण ठरावीक रोगांवर, ठरावीक दिवस, डॉक्टरच्या देखरेखीखाली. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याच्या अनेक स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीवाचून न विकण्याच्या औषधांच्या यादीत घातले. खोक्यावर उभी लाल रेघ आणि ‘आरएक्स’ ही खूण दिसली तर ते सौंदर्यप्रसाधन नव्हे, औषध आहे हे ओळखावे.

दुसरा प्रकार बिननावाच्या किंवा परदेशी नावाच्या, पत्ता नसलेल्या डब्यांचा. यांपैकी काहींत पारा असतो. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडांवर आघात करतो. केरळमधील कोट्टक्कल येथील मूत्रपिंडतज्ज्ञांनी २०२१ ते २०२३ या काळात पाहिलेल्या, लघवीतून प्रथिने जाण्याच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत एकच खास खूण आढळली, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरे होण्याची मलमे लावल्याचे सांगितले. पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज येणे, लघवीला फेस येणे ही लक्षणे अशा मलमाच्या वापरात दिसली तर लघवीची साधी तपासणी लगेच करून घ्यावी. ती तालुक्याच्या दवाखान्यातही होते.

जन्मजात वर्ण आईबापांकडून येतो, तो कोणत्याही डबीत मिळत नाही, हे मुलीला सांगण्याआधी मुलगी पाहायला येणाऱ्यांना सांगायला हवे. ते ऐकत नाहीत, म्हणून मुलीच्या गालांनी किंमत मोजायची, हा न्याय नव्हे.

ज्यांच्या घरात अशी ट्यूब महिनोन्‌महिने चालू आहे त्यांनी ती आपल्या मनाने एकदम फेकून न देता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. किती कमी करायची, त्याऐवजी काय लावायचे हे तो सांगेल. जाताना रिकामी ट्यूब आणि तिचे खोके बरोबर न्यावे. खोके नसेल तर दुकानाची पावती तरी न्यावी, कारण ‘ते पांढरे मलम’ एवढ्यावरून डॉक्टरला काहीच कळत नाही.